उजव्या डोळ्याचा लाभ

वसमत तालुका,
होळीनंतरचा मंगळवार, २००९

ती. शालूआक्कास,

धाकट्या सोनाजीचा साष्टांग नमस्कार. इकडं सगळे खुशाल. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्यासाठी आणलेलं तेल दाजींनीच लावून संपवलं म्हणे, तेव्हा निदान ते तरी बरे असतील.

आक्का, दोन वर्षांपूर्वी माझा उजवा डोळा लवायला लागला, तेव्हा 'पुरुषाचा उजवा लवला की लाभ' असं तूच सांगितलंस, तेही भर अंगणात. (तुझा आवाज तुला ठाऊक आहेच.) झालं, तो लाभ अख्ख्या गावानं वाटून घेतला. शेजारच्या नरसिंगनं मला बोअरच्या गाडीसमोर खुर्ची टाकून बसवलं, पाणी लागलं, आणि तेव्हापासून मला घरी निवांत चहा मिळेना. पेरणी असो, नवी मोटारसायकल असो, लेकराचा दहावीचा निकाल असो, मी समोर हवा. पुढं डोळ्यासोबत गालही ओढायला लागला, तर लोक म्हणाले, लाभ वाढला.

मग माझ्या लेकीला, आपल्या वैष्णवीला, पाहायला पाहुणे आले. मुलाच्या आई, रूपाबाई, नेमक्या माझ्यासमोर बसल्या. मी मान खाली घालूनच होतो, पण 'हळद किती एकर?' असं त्यांनीच विचारलं, म्हणून वर बघितलं आणि डोळ्यानं घात केला, एकदा नव्हे, लागोपाठ. मुलाचे वडील पोह्यांची बशी ठेवून उठले. तुझी भावजय चतुराबाई मध्ये पडून ओरडली, "अवो, हे म्हशीकडं बघूनबी असंच करत्यात!" रूपाबाईंना म्हैस झोंबली, पण हसू काही आवरलं नाही. त्यांच्या भावाला हाच आजार होता. हैदराबादच्या दवाखान्याचा पत्ता त्यांनीच दिला.

तिथं डॉक्टरांनी माझ्या डोक्याचे फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये रक्ताच्या नळ्या उभ्या केल्या आणि त्यांतून खोटं रक्त सोडलं. (मी कान चाचपला, कोरडा होता.) चेहरा हलवणाऱ्या नसेला कानामागं तीन नळ्या चिकटलेल्या. फोटोत तिघीही गरीब दिसतात, पण रक्त वाहायला लागलं तशी एकीच्या वळणावर लाल खूण उमटली. तिथंच धक्का नसेवर बसत होता. मोटर सुरू केली की वळणावर थडथडणारा आपल्या मळ्यातला पाइप मला आठवला. डॉक्टर म्हणाले, चोर हीच. डोकं उघडून हिच्यात आणि नसेत कापसासारखी गादी ठेवायची. चतुराबाईनं हात जोडले, "साहेब, ती नळी बराबर सरकवा, पण बाकीचं जिथल्या तिथं राहू द्या. आधीच थोडं हाय."

गाव मात्र नाराज आहे. नरसिंग म्हणतो, "काहून घाई करून राहिला? आमची हळद विकू दे, मंग उघड डोकं." मी ठणकावून सांगितलं की डोळ्याचा आणि लाभाचा काडीचाही संबंध नाही, आणि मला कसली भीती नाही. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. तू उगीच धावपळ करू नकोस.

दाजींना नमस्कार, लेकरांना पापा.

तुझा,
सोनाजी

ता. क. रूपाबाईंचा होकार आला. मांडवात डोळा सरळ ठेवायचा, एवढीच अट.

आणखी ता. क. आक्का, खरं सांगू? मला फार भीती वाटते. चतुराबाईला सांगितलं नाही, ती आधीच चोरून रडते. लहानपणी न्हाव्यापुढं माझं डोकं तूच धरून बसायचीस. तू ये. आणि सध्या तुझा कोणता डोळा लवतोय? बाईचा डावा शुभ, हेही तूच सांगितलंस. डावा लवत असला तर लगेच ये. उजवा लवत असला तरी ये, फक्त मला सांगू नकोस.