खांबातला झेंडू

ग्वातेमाला, नोव्हेंबर

आन्सेल्मो,

परवा मृतांच्या सणाला तुझी लुसिंदा आमचं जुनं चर्च बघायला आली. दर्शनी भिंतीवरची दगडी वेलबुट्टी पाहून हरखली. "आत्या, लग्न करीन तर इथंच." दाराशेजारच्या खांबातल्या भोकांत बायका झेंडू खोचत होत्या. "किती गोड रीत गं. कुणी सुरू केली?"

तू. फौजेच्या गस्तीत असताना माझ्या माकारियोला, सख्ख्या मेहुण्याला, त्याच खांबाला बांधून गोळ्या घातल्यास. त्याच्या डोक्याच्या चिंधड्या वेलबुट्टीत अडकल्या होत्या, त्या मी नखांनी खरवडून काढल्या.

मी तिला म्हटलं, "नवरीला बापच या दारातून आत नेतो. त्या दिवशी, इथंच, त्यालाच विचार रीत कुणाची ते."

हे पत्र मी टाकणार नाही. तू सावध होशील, आणि मला तू त्या खांबापाशी हवा आहेस.

माकारियोची बायको,
फ्लोरेन्सिया