मागची जागा

प्रिय पिटुकले,

बाबांचा डावा डोळाही आता सुधारणार नाही, हे काल डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. उजेड कळेल, समोर कुणी उभं आहे एवढं कळेल. चेहरा कळणार नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहात साखर कमी पडल्यासारख्या आवाजात विचारलं, "हात तर ठीक आहेत ना माझे?" बाई गोंधळल्या. डोळ्यांचं चाललंय आणि हे हातांचं काय काढतात, असं मलाही वाटलं.

घरी येताना त्यांनी तुमच्या त्या दिवसाचा विषय काढला. तू नववीत होतीस. उजाडताना तुम्ही ती दोघांपुरती अरुंद होडी, आपली कयाक, पाण्यात लोटलीत. तू पुढे, बाबा मागे वल्हं घेऊन आणि मधे बांगड्याच्या पिल्लांची बादली, तिच्यात बुडबुडे सोडणारा तो कुरकुरणारा पंप. आमिष जिवंत राहावं म्हणून तू सारखं पाणी बदलत होतीस, स्वतःचा डबा तसाच ठेवून. पिल्लाच्या नाकातून गळ हलकेच ओवायचा, ते पोहत राहिलं पाहिजे, हे बाबांनी तुला तेव्हाच शिकवलं. आणि दोरीवर बोट ठेवायला. मोठा मासा जवळ आला की आमिष आधी घाबरतं, त्याची तडफड बोटाला कळते, बघावं लागत नाही, असं ते म्हणायचे. मग तो मासा लागला आणि त्याने तुम्हाला कयाकसकट ओढत लांब नेलं. तू एकाच वेळी रडत आणि हसत होतीस, असं बाबा अजून सांगतात. दर वेळी सांगताना मासा वीतभर वाढतो. शेवटी दोरी तुटली. मी इकडे कांदा चिरून, तवा तापवून बसलेली, आणि तुम्ही आलात हात हलवत. बादलीत एक बांगडा उरला होता, तोही किनाऱ्याशी सोडून दिलेला. शेवटचं आमिष परत सोडायचं, हा तुम्हा बापलेकीचा कायदा. "जा बाबा, तुझी ड्युटी संपली," असं म्हणे त्याला सांगितलंत. त्या दिवशी आपण अंडी खाल्ली.

पुढे तुझं शिक्षण, मग नोकरी. दर सुट्टीत 'पुढच्या वेळी नक्की' असं ठरायचं आणि बाबा म्हणायचे, समुद्र कुठे पळून जातोय. खरंच, तो आहे तिथेच आहे.

गेल्या आठवड्यात भाजीला भेंडी काढली, तर प्रत्येकीच्या टोकाला बारीक भोक. बाबा म्हणाले, कीड असेल. कीड एवढ्या शिस्तीची नसते, पण मी टोकं छाटून भाजी फोडणीला टाकली. काल डॉक्टरांकडून आल्यावर हे कुठे दिसेनात म्हणून मागच्या दारी गेले. कयाक गवतावर काढलेली, हे तिच्यात बसलेले, आणि डोळे मिटून भेंडीत गळ ओवत होते. हातांचं का विचारलं, ते मला तेव्हा उमगलं. आणखी एक दिसलं. ते पुढे बसले होते, तुझ्या जागेवर. मागची, वल्हवणाऱ्याची जागा पुसून लख्ख करून रिकामी ठेवली होती.

ते तुला कधी बोलावणार नाहीत. पोरीला रजा मिळत नाही, हे वाक्य त्यांना पाठ आहे. म्हणून मीच लिहितेय. रविवारी पाणी शांत राहील, असं किनाऱ्यावरचा होडीवाला म्हणतो. शनिवारी संध्याकाळी तो बांगडे आणून देणार आहे. पंपाची बॅटरी मी आजच बदलून आणली. बाबांना यातलं काही माहीत नाही. तू शनिवारच्या गाडीने आलीस तर बरं, नाहीतर मागे मी बसेन. मला पोहता येत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

अंडी आणून ठेवली आहेत.

तुझीच,
आई