सूज उतरली नाही

आप्पा, आज तुमची पुण्यतिथी झाली. मठात मांडव होता, गोडाला हुग्गी होती, माइक होता, आणि मी बोलले. तुम्ही असता तर कोपऱ्यात बसून गालातल्या गालात हसला असता, कारण माझं तोंड एकदा सुटलं की काय होतं ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? घरी येऊन साडी बदलली, मशिनवरचे टॉवेल बाजूला सारले आणि लिहायला बसले. दुपार टळून गेलीय. खालच्या बिऱ्हाडातली माणसं अजून मठातच आहेत, त्यामुळे आख्ख्या घरात मी आणि पंखा.

तुम्ही गेल्यावर मठात एक नवी पद्धत पडलीय. पुण्यतिथीला जेवणाच्या आधी भक्तांनी एकेक करून उठायचं आणि आप्पांचा अनुभव सांगायचा. अनुभव म्हणजे चमत्कार. कुणाचा बंद पडलेला माग तुमची विभूती लावल्यावर सुरू झाला, कुणाच्या सुनेला मूल झालं, एकाची तर मैंदर्गीच्या रस्त्यावर पंक्चर झालेली गाडी तुमचं नाव घेतल्यावर तशीच घरापर्यंत आली म्हणे. लोक टाळ्या वाजवतात, पोरं मोबाइलवर व्हिडिओ घेतात. मी मागच्या रांगेत बसून ऐकते आणि मला वाटतं, हे कुठल्या आप्पांबद्दल बोलताहेत? माझ्या ओळखीचे आप्पा पंक्चर झालेली सायकल ढकलत यायचे आणि वाटभर तिला कानडीत शिव्या घालायचे.

यंदा मठाच्या कमिटीचा सेक्रेटरी घरी आला. पोरगा वाईट नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा कारखाना आहे, मला शिलाईचं काम तोच देतो. त्याचं म्हणणं, काकू, तुम्ही मठातल्या सगळ्यांत जुन्या, दरवर्षी मागं बसून गुपचूप निघून जाता, यंदा तुम्ही बोलायचं. मी म्हटलं, माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही. तो हटेना. शेवटी मी त्याला झालं ते झालं तसं सांगितलं. तुम्ही गेल्यापासून कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना लक्षात आलं की काही गोष्टी कडेकडेनं पुसायला लागल्यात. खाट कुठल्या भिंतीला होती तेही मला आठवेना. म्हणून तुम्हालाच पुन्हा सांगते, चुकलं तर चुकलं.

त्या उन्हाळ्यात ह्यांच्या किडन्या गेल्या होत्या. मोठ्या दवाखान्यातून घरी न्या म्हणाले, तेव्हाच काय ते कळलं. पाय असे सुजले होते की बोटानं दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. मूलबाळ नाही, दीर-जावा गावाकडं, घरात आम्ही दोघंच. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आप्पांकडं जा. शेजारणीचा मुलगा तेव्हा नुकताच काविळीतून उठला होता, तुम्ही त्याच्या कपाळाला विभूती लावली होती. मी मठात येते. तुम्ही स्वयंपाकघरात चटणीसाठी शेंगा फोडत बसलेले. मी तुमच्यापुढं पदर पसरते. गुरू म्हणजे दयेचा सागर, असं माझी आई लहानपणापासून सांगायची; सागराकडं घागर घेऊन जावं तशी मी आले होते. तुम्ही हातातली शेंग टाकता. सूप बाजूला ठेवता, चपला घालता आणि भर उन्हात माझ्यामागून चालत येता.

घरी येऊन तुम्ही खाटेशेजारी बसलात. मी विभूतीची डबी पुढं केली. तुम्ही ती घेतली नाहीत. मी पुन्हा पुढं केली.

"अव्वा," तुम्ही म्हणालात, "माज्या हातात काय न्हाय बघ."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गुरूशी असं बोलतं का कुणी? पण मी बोलले. "मग आलात कशाला?"

"तू एकटी हायस म्हणून आलो."

आमच्यात गुरू घरी आले की त्यांचे पाय धुवायचे आणि ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं. हे तर भारीच भाविक. तशा अवस्थेतही ह्यांनी मला खुणेनं परात आणि तांब्या आणायला लावला आणि स्वतः उठायला बघितलं. उठणं कुठलं जमतंय? तुम्ही माझ्या हातातून परात घेतलीत, ह्यांचे पाय खाटेवरून अलगद खाली सोडलेत आणि ते धुवायला लागलात. टाचेपासून, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. गुरूनं भक्ताचे पाय धुवायचे, हे कुठं ऐकलंय?

"आप्पा, नको. मला पाप लागंल."

"लागू दे की. निम्मं मी घेतो."

आणि हे हसले. आजारात पहिल्यांदा हसले, आणि शेवटचंच. तुम्ही तुमच्या उपरण्यानं पाय पुसलेत, परात मोरीत रिकामी केलीत आणि ह्यांना झोप लागेपर्यंत बसून राहिलात. सूज उतरली नाही. त्याच आठवड्यात हे गेले.

त्यानंतर मी दर सोमवारी मठात यायचे. लोकांना वाटायचं, बाईला भक्ती लागली. मी भांडायला यायचे. शेजारणीचा उठला, माझा माणूस का नाही उठला? तुम्हाला येत नव्हतं, की येत असून केलं नाही? तुम्ही डाळ निवडत ऐकायचात. प्रारब्ध, पूर्वजन्म, देवाची इच्छा, यातलं एक अक्षर तुमच्या तोंडून निघालं नाही. मी दमले की म्हणायचात, आनि काय अव्वा? मग ताट वाढायचात. एकदा विचारलं होतं मी, माझा राग येत नाही का तुम्हाला? तर म्हणालात, राग कुठं तरी काढायलाच लागतो की, माज्यावर काढ, मी हितंच बसलेला असतो. आता नवे स्वामी आहेत. लई शिकलेले आहेत. माझा माणूस का नाही उठला, हे मी त्यांना एकदा विचारलं, तर त्यांनी तिथल्या तिथं उत्तर दिलं. उत्तर बरोबरच असेल. मी पुन्हा काही विचारलं नाही.

हे सगळं ऐकून सेक्रेटरीच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? मग रुमालानं डोळे पुसून तो म्हणाला, "काकू, पाय धुतल्याचं लई चांगलंय. पुढं सूज उतरली, एवढंच म्हणा की. कोण बघायला होतं?"

मी होते बघायला. पण त्याच्या तोंडावर ते म्हणता आलं नाही. पोटाचं काम त्याच्याकडून येतं. आणि आप्पा, दुसरंही एक सांगते. तो गेल्यावर मी ते मनातल्या मनात म्हणून बघितलं. भाकरी थापताना म्हणून बघितलं, मशिनवर बसून म्हणून बघितलं. सूज उतरली. पाय पहिल्यासारखे झाले, घोट्याचं हाड दिसायला लागलं, हे उठून मोरीपर्यंत चालत गेले. म्हणताना इतकं बरं वाटायचं की मलाच भीती वाटायला लागली. एवढं गोड लागतंय ते सगळ्यांसमोर बोलले असते, तर पुढच्या वर्षी मला तेच खरं वाटलं असतं. मग तुम्ही खरे कसे होता, हे ठाऊक असलेलं कोण राहिलं असतं?

आज माइक हातात आला तेव्हा मी म्हणाले, "आप्पांनी माझ्या नवऱ्याचे पाय धुतले. सूज उतरली नाही. माझे मालक वाचले नाहीत. आप्पांना ते आधीच ठाऊक होतं, तरी ते उन्हातून चालत आले. माझा अनुभव एवढाच."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवण्यासारखं होतंच काय त्यात? नवे स्वामी खाली बघत राहिले. सेक्रेटरीनं माइक घेतला आणि पहिली पंगत बसवून घ्या म्हणाला. हुग्गी वाढताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. उद्या टॉवेलचा गठ्ठा येतो की नाही ते उद्या कळेल. नाही आला तर दुसरीकडं बघीन. सोलापुरात टॉवेलला काय तोटा नाही.

लोक तुमच्या समाधीवर चिठ्ठ्या ठेवतात. कमिटीवाले त्या उघडून वाचतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, म्हणून हे पत्र तिथं ठेवणार नाही. घरातच राहू दे.

एक मात्र तुम्हाला सांगायला पाहिजे. माइक परत देता देता मी एक वाक्य जास्तीचं बोलून गेले. म्हणाले, आता माझी आप्पांबद्दल काही तक्रार उरली नाही. ते खोटं होतं. तक्रार आहे तशीच आहे, आप्पा. मीच ती मिटू देत नाही, कारण ती मिटली तर बोलायला मला दुसरं कुणी नाही.