साहेबांची सही

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार
खंडेनवमी. गिरणीत मशीनची पूजा होती. फिटर लोकांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं, म्हणून यांच्यासोबत मी पहिल्यांदा आत गेले. आमच्या माडीवर किरायानं राहणारे रेनातोसाहेब ज्या मशीनसाठी इटलीहून समुद्रपूरला आले, ते मशीन पाह्यलं. सूत गुंडाळत राहतं. धागा तुटला की आपणच दोन्ही टोकं शोधतं, जोडतं, अन् पुढे चालू. जोड कुठे आहे ते बोटालाही लागत नाही.

साहेबांनी सगळ्यांसारखे जोडे बाहेर काढले. सगळ्यांसारखं मशीनला कुंकू लावलं. मग रुमाल काढून खाली सांडलेलं कुंकू हळूच टिपून घेतलं — आत जाऊ नये म्हणून. हे बहुतेक मीच पाह्यलं. घरी येऊन देवघर परत एकदा पुसलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
हिंगणीचा माझा भाऊ कैलास आला नाही, त्याची कापसाची वेचणी सुरू. पाट मांडलेला तसाच. साहेब जिना उतरत होते, यांनी हाक मारली, "साब, बैठो." बसले बिचारे. मी ओवाळलं. ते मोबाईलमध्ये त्यांच्या भाषेत काही बोलले, अन् मोबाईल मराठीत म्हणाला, "कृपया सांगावे, आता मी काय केले पाहिजे?"

हे म्हणाले, "आता काई नाई करा लागत. भाऊ झाले तुमी ईचे. जेवा." मोबाईलनं ते त्यांना कसं सांगितलं कोण जाणे, पण साहेब उठून वर गेले आणि सुताचा एक कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेलं सूत, आणून तबकात ठेवला. त्या मशीनवर निघालेला पहिला. "दाननजय," म्हणून यांच्याकडे बोट केलं — दोघांनी मिळून काढला म्हणे. धनंजय काही त्यांना म्हणता येत नाही.

सुताच्या वाती करीन. वर्षभर वातीचा कापूस घ्यायला नको.

६ नोव्हेंबर
गिरणीच्या ऑफिसातले प्रभाकरराव चहाला आले. साहेबांचे कागद तेच पाहतात. डिसेंबरअखेर साहेबांचा व्हिसा संपतो. वाढवायचा तर गिरणीनं पुन्हा सरकारला लिहून द्यायचं — हे काम येणारा माणूस आपल्याकडे मिळत नाही, म्हणून साहेबांना आम्ही आमच्या हमीवर ठेवतो. राहणं, वागणं, परत जाणं, सगळं गिरणीच्या माथ्यावर.

मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या देशात एकबी नाई?"
"तसं लिहा लागते वैनी. त्या कागदावर साहेबाचीबी सही लागते."
"अन् नाई झालं तर?"
"तर साहेब घरी. तिकडचा त्याचा कारखाना तर कधीचाच बंद पडला. या वयात कोण ठेवते त्याले?"

दिवसभर तेच डोक्यात. सोयरीक जमवतानाही कोणी एवढी हमी घेत नाही. आणि इथे ना नातं, ना गोत, ना भाषा — हातात कला आहे, एवढ्यासाठी दोन देशांची सरकारं एका माणसाबद्दल बोलतात. केवढी ही देवाची करणी!

२७ नोव्हेंबर, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार
घट मांडला. साहेबांच्या सुताची वात लावली. देवीला म्हटलं, माझ्या भावाचे कागद होऊ दे, उद्यापनाला पाच सवाष्णी जेवू घालीन.

३० नोव्हेंबर, रविवार
विहिरीवरची मोटर कुरकुरत होती. यांनी पेचकसाचं टोक मोटरवर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. साहेब मशीनजवळ असंच करतात म्हणे. "मागचं बेअरिंग गेलं." खोललं, तर तेच!
मी नुसती पाहत राह्यले. वर पाह्यलं तर साहेबही जिन्यात उभे. परत वर गेले.

२ डिसेंबर
यांनी ताट सरकवलं. मॅनेजर वासुदेवराव म्हणाले म्हणे, "साहेब गेला तर मशीन तुलेच पाहा लागन. इन्चार्ज करतो तुले."
मी म्हटलं, "मग जेवत काऊन नाई?"
"ज्यानं हात धरून शिकवलं, तो जावा म्हणून वाट पाहू का मी?"
इन्चार्ज झाले तर रातपाळी सुटेल. यांची कंबर वाचेल. हे मनात आलं, अन् मनातच राह्यलं.

४ डिसेंबर, दुसरा गुरुवार
दिवा लावला. मागितलं काहीच नाही. काय मागावं ते कळलं नाही.

९ डिसेंबर
वासुदेवरावांचं बोलणं साहेबांच्याही कानावर गेलं आहे. यांनीच सांगितलं, लपवणं जमेना म्हणून. आणि तरी आज सुट्टी झाल्यावर माडीवर दोघंच बसून होते. मशीनचा एक भाग साहेब खोलत, हे जुळवत. हे चुकले की साहेब परत सगळं खोलून ठेवत. मी भाकरी घेऊन गेले, तर मोबाईल म्हणाला, "कृपया थोडे थांबावे, हा सर्वांत अवघड भाग आहे."
सगळ्यात अवघड भागही देऊन टाकला या माणसानं. मी भाकरी झाकून जिन्यातच उभी राह्यले, देवळात उभं राहावं तशी.

११ डिसेंबर, तिसरा गुरुवार
उद्या प्रभाकरराव कागद घेऊन येतात. गिरणीच्या सह्या झाल्या. साहेबांचीच राह्यली.

१२ डिसेंबर
साहेबांनी मोबाईलकडून कागद वाचून घेतला. 'हे काम येणारा माणूस इथे मिळत नाही' त्या ओळीवर बोट ठेवलं आणि पेनाला टोपण लावलं. मोबाईल म्हणाला, "हे खरे नाही. धनंजयला येते."