सात फुटी भिंतीचा इतिहास

४ फेब्रुवारी, सकाळी ११.१०
उठलो. काल बाबांनी पुन्हा विचारलं, पुढे काय. कॉलेजने मला काढलेलं नाही, प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून मी स्वतः बाहेर पडलो, हे दीड वर्षात आठव्यांदा सांगितलं. ते म्हणाले, दीड वर्षात तेवढंच केलंस. डोकं फिरलं. अर्ध्या ताटावरून उठलो. नंतर भूक लागली, पण तोवर आईने भांडी घासायला टाकली होती.
असो. मला आता ध्येय आहे. आमची पुढची कॉलनी, पाठीमागे मागची कॉलनी, मध्ये सात फुटी भिंत. भिंतीपलीकडे बालवाडी. बालवाडीत ती शिकवते. मुलांचा चेंडू इकडे येतो, मी परत फेकतो, ती पलीकडून थँक यू म्हणते. काल चार चेंडू आले. इतके चेंडू आपोआप येत नाहीत.
समोरासमोर भेटायचं तर मेन रोडने वळसा घालून वीस मिनिटं. घामाघूम माणसाला मनातलं बोलता येत नाही. म्हणून भिंतीत दार झालं पाहिजे.

७ फेब्रुवारी
स्टुलावर चढून तिला दाराची कल्पना सांगितली. विलक्षण खूश. दार झालं तर माझा जीव भांड्यात पडेल, म्हणाली. उतरताना पाय मुरगळला, कळलंही नाही. (दुपारी कळलं.)
तिच्या बाजूच्या सह्या ती जमवणार आहे. एखादी मुलगी परक्या माणसासाठी अठ्ठेचाळीस घरांच्या बेल उगाच वाजवत नाही.

११ फेब्रुवारी
प्रगती. तिचा चष्मा सैल झाला. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर चष्मेवाला राहतो. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात नोकरीला. भांग नीट, आवाज हळू, घरात तो आणि त्याची आई. निरुपद्रवी माणूस. तिने भिंतीवरून डबी माझ्या हातात दिली. मी त्याच्याकडे नेली, त्याने स्क्रू पिळला, एक कागद घडी करून डबीत ठेवला. नंबरचा असणार. मी उघडला नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांचे कागद वाचणं मला जमत नाही, मग कुणी काही म्हणो.
स्वतःचा चष्मा कुणी कुणाच्याही हातात देत नाही.

१६ फेब्रुवारी
आमच्या बाजूच्या सह्या: तीन. त्यातली एक आईची, एक माझी. तिसरी चष्मेवाल्याची. त्याने तर अर्जातली वाक्यंही सुधारून दिली. असे शेजारी मिळायला भाग्य लागतं.
तिच्या बाजूच्या सह्या: एकेचाळीस.
आमच्या सेक्रेटरींनी अर्ज नाकावर धरून वाचला. भिंत उगाच बांधली नसेल, म्हणाले, आधी कारण शोधून आण. मी विचारलं, तुम्हाला माहीत नाही? ते म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न होता. कोणतं तत्त्व? ते आठवत नाही, पण सोडणार नाही. मी टेबलावर मूठ आपटली. टेबलाची काच तडकली. बाबांना फोन गेला.

२० फेब्रुवारी
संकल्प: भिंतीचा साधार इतिहास लिहिणे. पानं किमान शंभर. महिन्याभरात.
बाबांचं म्हणणं, सव्वीस वर्षांपूर्वी मागच्यांनी आपल्या टाकीचं पाणी वळवलं, म्हणून भिंत. कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका म्हणतात, कुत्रं चावलं. कुणाचं कुणाला, हे विचारल्यावर शर्टवर जोर काढला. मागच्या कॉलनीतले रिटायर्ड पोस्टमन (वीस मिनिटं चालत गेलो, ती सुट्टीवर) म्हणतात, व्हॉलीबॉलची मॅच. चेंडू लाइनवर पडला होता की बाहेर, यावरून. ते उठून अंगणात गेले आणि चेंडू कुठे पडला ते दाखवलं. काठीने खूणसुद्धा केली.
तिघांनीही निघताना एकच सांगितलं: त्या लोकांवर विश्वास ठेवू नकोस.
लिहून झालेली पानं: दीड.

२७ फेब्रुवारी
तिचा चष्मा तिसऱ्यांदा सैल. बिचारी. फ्रेम बदल म्हणून सुचवलं. हसली आणि म्हणाली, हीच बरी आहे. म्हणजे मला डबी नेण्याआणण्याचा त्रास व्हावा असंच तिला वाटतं. कळतात मला या गोष्टी.
आज डबी परत करताना चष्मेवाल्याने मला चहा पाजला, कोणत्या दिवशी ती लवकर सुटते ते विचारलं. नंबर तपासायचा असेल. मी सगळं टाइमटेबल सांगितलं. मला पाठ आहे.

९ मार्च
सापडला! दोन्ही कॉलन्या बांधणारा म्हातारा गवंडी अजून आहे, दोन गल्ल्या सोडून फरशा बसवतो. भिंतीचं नाव काढल्यावर थापी हातातच राहिली. म्हणाला, ती अजून उभी आहे?
हकिगत अशी. ठेकेदार एक, कामं दोन. इकडचं सिमेंट तिकडे जायचं, तिकडची सळई इकडे यायची. म्हणून चार महिन्यांसाठी आडोसा घातला. मग ठेकेदार निघून गेला, पाडायचं राहून गेलं. पायासुद्धा नीट नाही, म्हणाला. तेव्हा दोन्हीकडे राहायलाही कुणी आलं नव्हतं.
म्हणजे आधी भिंत, मग माणसं, मग भांडण.
घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी पेपरचं पान उलटलं. मग म्हणाले, पण पाणी वळवलंच होतं.

२२ मार्च
दोन्ही कॉलन्यांची संयुक्त सभा. कुणी कुणाच्या हद्दीत यायला तयार नाही, म्हणून भिंतीच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या आणि दोन लाउडस्पीकर. सगळे तोंड भिंतीकडे करून बसलेले.
मी इतिहास वाचायला उभा राहिलो. पानं सहा, पण अक्षर बारीक. दुसऱ्या पानावर कुणीतरी म्हणालं, बस खाली, म्हाताऱ्याला बोलू दे. मी म्हणालो, मी पूर्ण केल्याशिवाय बसणार नाही. मग सेक्रेटरींनी माइकची पिन काढली.
गवंड्याने माइक घेतलाच नाही. तो एवढंच म्हणाला, "मीच बांधली. सिमेंटची पोती चोरीला जात होती, दुसरं काही नाही."
पोस्टमननी तिकडून विचारलं, आणि तो बॉल? गवंडी म्हणाला, बॉलचं मला माहीत नाही.
मग दार ठरलं. मग ते कुणाच्या बाजूला उघडणार यावर दीड तास. आमचे म्हणाले तिकडे, त्यांचे म्हणाले इकडे. माझा तोल गेला. खुर्चीवर उभा राहून ओरडलो, सरकतं बसवा! खुर्ची मोडली. पण पलीकडून टाळी वाजली. एकाच माणसाची. ओळखली मी.
चष्मेवाल्याने मला उठवलं, कपडे झटकले, मिठी मारली. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. काही माणसांना समाजकार्य फार भिडतं.

१० एप्रिल
दार बसलं. उद्या संध्याकाळी सहाला उघडणार. सगळ्यांत आधी पलीकडे मी जाणार आणि तिथेच तिला विचारणार. आरशासमोर बोलून पाहिलं. आई दाराआडून म्हणाली, 'आयुष्यभर' हा शब्द चारदा येतोय. दोनदा केला.
इस्त्रीवाल्या काकांनी माझा शर्ट सगळ्यांत आधी केला. पोरा, लढलास खरा, म्हणाले.

११ एप्रिल, संध्याकाळी ७.४०
दार सरकलं. मी पाऊल उचलायच्या आत ती पलीकडून इकडे आली. निळा ड्रेस. थेट माझ्यापाशी. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "तू नसतास तर हे कधीच झालं नसतं."
मी 'आयुष्यभर'पर्यंत पोचलो होतो.
ती म्हणाली, आलेच हं, आणि आमच्या बिल्डिंगचा जिना चढली. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. पहिला मजला ओलांडून गेली. मला वाटलं, मजला चुकली. मग वाटलं, चष्मा सैल झाला असेल.
चष्मा तिच्या डोळ्यांवर घट्ट होता.
वीस मिनिटांनी तिघं खाली आली. ती, चष्मेवाला आणि त्याची आई. त्याच्या आईने सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. म्हणाल्या, वर्षभर चाललं होतं, पण मागच्या कॉलनीतली मुलगी कशी करायची म्हणून मीच अडून होते. आता भांडणच खोटं निघालं म्हटल्यावर काय बोलणार? बाबा हसले. सेक्रेटरी हसले. पोस्टमन सव्वीस वर्षांनी आमच्या कॉलनीत आले होते, तेही हसले.
ते नंबरचे कागद नव्हते.

१२ एप्रिल
कुणाशी बोललो नाही. जेवलो नाही. (रात्री जेवलो.)
गवंड्याकडे गेलो. दार बुजवायला किती दिवस? तो म्हणाला, अर्धा दिवस, पण नीट पाया घालायचा तर दोन. मग माझ्याकडे बघून म्हणाला, घरी जा.

१५ एप्रिल
दोन्ही कमिट्यांची पहिली एकत्र बैठक. दाराची किल्ली कुणाकडे ठेवायची? दिवसभर घरी कोण असतं? सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. बाबांनीसुद्धा.
घेतली. आता सत्ता माझ्या हातात आहे. नियम लिहून दारावर चिकटवले: सकाळी नऊला उघडेल, सातला बंद. अपवाद नाही. ओळखदेख चालणार नाही. खाली सही केली.

१८ एप्रिल, संध्याकाळ
ती भेटायला आली. पहिल्यांदाच आमच्या घरात. आईने पाणी दिलं. मी नियमांचा कागद हातात घेऊन बसलो होतो, चेहरा कठोर. तिने शांतपणे विचारलं: पुढच्या महिन्यात लग्न, मग इथेच राहायला येणार, बालवाडी साडेसातची, दार नऊला उघडतं, वळसा घालून गेलं तर रोज वीस मिनिटं. तुला जमेल का?
मी म्हणालो, नियम म्हणजे नियम.
ती म्हणाली, बरोबर आहे, आणि उठली. नाराज दिसली नाही. तेच वाईट.
जिन्यात गाठून सांगितलं की बघतो.
गजर सव्वासातचा लावला आहे. लग्न पुढच्या महिन्यात आहे, पण सवय आधीपासून करावी लागेल.