कापसातला खळगा

मंगळवार, पौष. देऊळघाट

भाव येईपर्यंत कापूस माजघरातच पडून आहे. त्यात आज पुन्हा खळगा. माणूस निजून उठावा तसा. रोज मी बुजवतो, रोज तो पडतो. बायको, सुमन म्हणावी, तर केमो सुरू झाल्यापासून तिला भिंत धरल्याशिवाय चालवत नाही. बीटी बियाण्याच्या पाकिटावर बोंडअळीचं लिहिलं होतं, भुताचं नव्हतं.

भेटायला येणारे तिला पपई देतात, मला सल्ला. हे सांगू कुणाला?

संध्याकाळी शेजारच्या शबानाभाभी डबा घेऊन आल्या, तेव्हा शेवटी विचारलंच, "भाभी, माजघरात कोण येतं?"

त्यांनी डबा खाली ठेवला. "भाऊजी, तुमीच त निजता तिथं. रोज दुपारी. सुमन हाका मारते, तुमी उठत नाही. मंग सुमन मले बलावते."

मला एकही दुपार आठवत नाही, तिच्या उशाशी जागलेल्या रात्री तेवढ्या आठवतात. अंगाची खाज मात्र कापसाचीच असावी.

"मला काऊन नाही सांगितलं?" मी सुमनला विचारलं.

ती खाटेवरून म्हणाली, "सांगतलं असतं त तुमी निजले असते काय?"

उद्यापासून दुपारी भाभी बसणार आहेत तिच्यापाशी.

आत्ता खळगा बुजवायला हात घातला, तर आत, डोक्याच्या जागी, सुमनची उशी निघाली. म्हणजे ती भिंत धरत इथवर आली होती.

खळगा तसाच ठेवला.