बेडरूममधले पंधरा क्विंटल

१ मे. सकाळी ७.३०
महाराष्ट्र दिन. सुट्टी. आजपासून घरखर्च माझ्या ताब्यात. मीनाला तसं कळवलं. ती मेथी निवडत होती. बरं म्हणाली.

गरज होतीच. सातपूरच्या कंपनीत मी बावीस वर्षं स्टोअर सांभाळतो. बावीस वर्षांत एक वॉशर माझ्या नजरेआडून गेटबाहेर गेलेला नाही. आणि घरात? वीस तारखेनंतर पगार कुठे जातो ते बायकोशिवाय कोणाला ठाऊक नाही. ही काही सिस्टीम नव्हे.

१ मे. दुपारी ३
मीनाची सिस्टीम तपासली. बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा, त्यात पाकिटं. प्रत्येकावर नाव. शाळा, गॅस, मेंटेनन्स, गाडीचा विमा, दवाखाना, दिवाळी. दर महिन्याला प्रत्येकात थोडं थोडं टाकते. एकूण अठ्ठावीस हजार दोनशे. सगळे नुसते झोपलेले! पैशाला काम दिलं पाहिजे, हे हिला कोणी सांगितलंच नाही.

सातवं पाकीट चिकटवलेलं. वर नाव नाही. विचारलं. म्हणाली, ते राहू द्या, दरवर्षी लागतंच. बायकांचं काहीतरी असेल. मनाचा मोठेपणा दाखवून ते सोडलं.

५ मे
प्लॅन पक्का. उन्हाळ कांदा. आत्ता चौदाशे रुपये क्विंटल. दिवाळीच्या तोंडावर पाच हजार होणार, असं आमच्या ऑफिसात सगळेच म्हणतात. पंधरा क्विंटल घ्यायचा, ठेवायचा, विकायचा. पंचाहत्तर हजार! पूजाच्या दहावीच्या फीचा दुसरा हप्ता चोवीस हजार, शेवटची तारीख दहा ऑक्टोबर. तो भरूनही मीनाला फ्रिज.

मीनाने माझ्या जुन्या सशांच्या धंद्याचा विषय काढला. अनावश्यक. ससे वेगळे, कांदा वेगळा. कांदा मरत नाही.

९ मे
रजा टाकून लासलगावला. चुलतभाऊ कारभारीदादा ट्रॉली घेऊन लिलावाला आलेला. त्याच्याकडूनच घेतला, चालू भावाने. दादा म्हणाला, घरापुरत्या दोन गोण्या तशाच ने, पैशाचं नाव नको काढू. मी हसलो. त्याला स्केल कळत नाही.

फ्लॅटात ठेवणार म्हटल्यावर तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, सोमनाथ, कांद्याला लय हवा लागती, खालून बी लागती, म्हणून तर आम्ही कांद्याची चाळ बांधतो, घरात नाय टिकायचा. मी म्हटलं, पाथर्डी फाट्याला आमच्या दुसऱ्या मजल्यावर जेवढी हवा आहे तेवढी तुझ्या शेतात नाही. तो गोण्या मोजायला लागला. पटलं असावं.

१० मे
माल आला. टेम्पो शेजारच्या नौशादभाईंचा. द्वारका चौकात त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. तीस गोण्या, दोन जिने. नौशादभाईंनी बेडरूममध्ये डोकावून विचारलं, सोमनाथभाऊ, कांदा तर बसला, माणसं कुठे बसवणार? दिलखुलास माणूस.

पलंगाच्या गाद्या काढल्या. फळ्यांमध्ये फटी आहेतच, खालून हवेची सोय आयती. कारभारीदादाने चाळीवर लाख रुपये घातले. मी शून्य. उरलेला माल जमिनीवर, विटा आणि प्लायवर. आम्ही तिघं हॉलमध्ये. हिशोब: माल एकवीस हजार, टेम्पो-हमाली चोवीसशे, दोन एक्झॉस्ट फॅन आणि वजनकाटा मिळून छत्तीसशे. बाराशे शिल्लक. सगळं बजेटमध्ये!

१२ मे
मीनाने काल पोह्यांसाठी ढिगातून दोन कांदे उचलले. शांतपणे समजावलं. हा स्टॉक आहे, किराणा नाही. आज दोन घेतलेस, ऑक्टोबरात ते दोन प्रत्येकी पाच रुपयांचे असतील. म्हणजे पोहे दहा रुपयांनी महागले. यापुढे खायचा कांदा बाजारातून. त्यासाठी तिला आठवड्याला साठ रुपये मंजूर केले.

ती म्हणाली, घरात पंधराशे किलो कांदा असताना मी कांदा विकत आणू? मी म्हटलं, बरोब्बर, यालाच शिस्त म्हणतात. ती माझ्याकडे कारभारीदादासारखीच बघत होती.

१३ मे
दहा नमुना कांदे निवडले. मार्करने १ ते १० नंबर टाकले. रोज सकाळी वजन. कांदा क्र. ७ सगळ्यात देखणा.

२५ मे
उकाडा. छताचा पंखा कांद्याला, टेबलफॅन कांद्याला. पूजा पुठ्ठ्याने वारा घेत गणितं सोडवते. म्हणाली, पप्पा, एक पंखा आम्हाला. मी म्हटलं, बेटा, आज जो वारा कांद्याला लागतोय तीच तुझी फी आहे. ती पुठ्ठ्याने वारा घेत राहिली.

वीजबिल दुप्पट. ही गुंतवणूक.

१७ जून
शाळा सुरू. वर्गात पूजाच्या युनिफॉर्मला कांद्याचा वास येतो म्हणे. शेजारची मुलगी बाक बदलून गेली. मी म्हटलं, एकटीला बाक मिळाला, अभ्यास चांगला होईल. पूजा रडली. कांद्यामुळे डोळ्यांत पाणी येतंच.

तरी मनाला लागलं. पहिल्या विक्रीत तिला नवे दोन युनिफॉर्म. नोंद करून ठेवतो.

२९ जून
मीना बाजारातून आणते तो कांदा फार सुरेख. घट्ट, पातळ पापुद्र्याचा, अगदी आपल्या मालाच्या तोडीचा. तिला म्हटलं, बघ, बाजारातसुद्धा माल कसा मिळतो. ती म्हणाली, माझी ओळखीची बाई आहे.

१२ जुलै
ढीग खाली आलाय. खिडकीच्या कडेच्या वर होता, आता कडेच्या खाली एक वीत. घाबरायचं कारण नाही. साठवणीत कांदा वाळतो, वजन कमी होतं, याला घट म्हणतात. कारभारीदादाला फोन केला. म्हणाला, घट धरावीच लागती. झालं! शास्त्र माझ्या बाजूने आहे.

फक्त नमुना कांद्यांची घट दिसते चार-पाच ग्रॅमची आणि ढिगाची एक वीत. याचा अर्थ आतला कांदा बाहेरच्यापेक्षा जास्त वाळतो. हे आधी कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

१९ जुलै
मीनाची शनिवारची भिशी हल्ली आमच्याकडेच असते. आज हाफ डे होता म्हणून लवकर आलो, तर जिन्यात आठ-दहा बायका उतरताना दिसल्या. प्रत्येकीच्या हातात जड पिशवी. भिशीला येताना इतकं सामान कशाला आणतात? आमचं स्टोअर असतं तर गेटवर थांबवून पिशव्या उघडल्या असत्या. पण बायकांचा मामला.

वजनकाटा मात्र स्वच्छ पुसलेला. मीनालाही स्टॉकची गोडी लागलेली दिसते.

२७ जुलै
कारभारीदादाचा फोन. भाव एकोणीसशेवर गेलाय, विकून मोकळा हो, आता हवा दमट आहे. मी म्हटलं, पाच हजार. तो म्हणाला, आरं बाबा, हाव नको करू. छोटा शेतकरी, छोटा विचार.

१० ऑगस्ट
नौशादभाईंकडे चहाला. जहिदाभाभींनी कांद्याची भजी केली होती. त्यांच्या ओट्यावर टोपलीत कांदे. त्यातल्या एकावर निळ्या शाईत ४ हा आकडा. मी विचारलं, हा कुठला? भाभींनी नौशादभाईंकडे पाहिलं. नौशादभाईंनी पंख्याकडे. मग भाभी म्हणाल्या, भाऊ, भजी थंड होतायत.

घरी येऊन तपासलं. क्र. ४ जागेवर नाही. चुकून घरंगळला असेल. आणि कांद्यावर शिरा असतातच, आकड्यासारखी एखादी उमटूही शकते. चार खाऊन आलो. उत्तम होती.

११ ऑगस्ट
ढीग निम्मा. घट पन्नास टक्के. तरी हरकत नाही. सगळ्यांचाच कांदा असा घटत असणार, म्हणजे बाजारात टंचाई, म्हणजे भाव पाचवर थांबत नाही. दहा हजार! टार्गेट बदललं.

२८ ऑगस्ट
तळाच्या मालाला कोंब. काही कांदे बोट लावलं की आत जातं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नाकाला रुमाल लावून विचारलं, घरी काही झालंय का? वासाची चिठ्ठी नोटीस बोर्डावर लागली. नाव घातलेलं नाही, फक्त फ्लॅट नंबर.

क्र. ७ ला कोंब आला. त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

१८ सप्टेंबर
भाव अकराशे. म्हणे नवा माल यायला लागेल, जुन्याला उठाव नाही. हा शेवटचा झटका. कच्चे गडी इथेच विकून मोकळे होतात.

मीनाने माझ्या मशरूमच्या प्लॅनची आठवण करून दिली. बाथरूममध्ये अंधार असतो हे खरं आहे ना? मग तो प्लॅन चुकीचा कसा?

६ ऑक्टोबर
विकला. विकावा लागला. ढीग म्हणजे पलंगाच्या एका कोपऱ्यात उरलेला चार क्विंटल. रजा टाकून निवडायला बसलो. अडीच क्विंटल सडका. तो घंटागाडीवाल्याने एकदम घ्यायला नकार दिला, पाच दिवसांत थोडा थोडा न्यायचं ठरलंय.

चांगल्या तीन गोण्या. भाव नऊशे. मिळाले तेराशे पन्नास. नौशादभाईंचं टेम्पोभाडं पंधराशे. मी खिशातून दीडशे काढले तर त्यांनी माझी मूठ मिटवली. असू द्या भाऊ म्हणाले. त्यांनी असं म्हणायला नको होतं.

९ ऑक्टोबर. सकाळी ५.४५
उद्या फीची शेवटची तारीख. माझ्याकडे चारशे वीस रुपये आहेत.

पूजा गॅलरीत पाढ्यासारखी सूत्रं म्हणतेय. पाच महिने हॉलच्या फरशीवर झोपून, पुठ्ठ्याने वारा घेऊन तिने एकही दिवस अभ्यास चुकवला नाही. वर्गात एकटी बसली. उद्या तिला कारकुनासमोर उभं राहावं लागलं तर माझ्यामुळे.

पंधरा क्विंटल कसे घटले ते मला समजत नाही. खरं म्हणजे कुठेतरी समजत होतं, मी विचारलं नाही. मला भीती वाटतेय. आजच्या पानावर प्लॅन नाही.

१० ऑक्टोबर. रात्री ९
स्कूटर विकायची म्हणून आरसी बुक शोधत होतो. ते मीनाच्या डब्यात. डबा उघडला तर वरच फीची पावती. चोवीस हजार. तारीख एक ऑक्टोबर!

मीना पोळ्या लाटत होती. लाटता लाटताच सांगितलं. मे महिन्यापासून माल चांगला होता तोवर तिने विकला. भिशीच्या बायकांना, जहिदाभाभींच्या नात्यागोत्यात, वरच्या मजल्यावर. बाजारापेक्षा दोन रुपये कमी, जिना उतरून नेणं त्यांच्यावर. अकरा क्विंटल. वजन पूजा करायची. वरून दर आठवड्याला माझ्याकडून साठ रुपये घेऊन माझाच कांदा तिने मला खाऊ घातला. त्या पैशांत पूजाचे दोन युनिफॉर्म आले.

मी म्हटलं, मला सांगायचं तरी. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही कुलूप लावलं असतं. हे मात्र खरं आहे. मे महिन्यात कुलूप बघून आलो होतो.

मग विचारलं, मेंटेनन्स, गॅस, गाडीचा विमा कशातून भरलास? तिने सातवं पाकीट समोर ठेवलं. रिकामं. मागच्या बाजूला तिच्या अक्षरात यादी. मशरूम, बासष्टशे. ससे, अठ्ठेचाळीसशे. सौर चूल, एकाहत्तरशे. कांदा, एक्क्याऐंशीशे. दर महिन्याला ती माझ्यासाठी वेगळे पैसे टाकते, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून. मी म्हटलं, वर नाव का नाही घातलंस? म्हणाली, तुम्ही वाचलं असतं तर वाईट वाटलं असतं.

दिवाळीच्या पाकिटाचं मात्र जमलं नाही. यंदा चिवडा आणि शंकरपाळे, बस्स.

आजपासून पलंग मोकळा. गाद्या उन्हात घातल्या तरी वास जात नाही.

जेवायच्या आधी मीनाने नवं पाकीट घेतलं, पाचशेची नोट घातली, चिकटवून डब्यात ठेवलं. मी विचारलं, हे कसलं? म्हणाली, पुढच्या वर्षीचं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी मी काहीच करणार नाही, शपथ. तिने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, असं गॅस सिलिंडर म्हणत नाही, विमा म्हणत नाही, तुम्हीच तेवढे दरवर्षी म्हणता.